कुजबुज, सळसळ की ‘सुसरस’? हळू आवाजाला इंग्रजी शब्द निवडताना

मराठीतून इंग्रजीत लिहिताना हळू आवाज आला की हात अडखळतो. मराठीत आवाज ज्याचा, शब्द त्याचा. माणसांची कुजबुज, पानांची सळसळ, ओठांतली पुटपुट, भुंग्याची गुणगुण, नाराजांची धुसफूस. इंग्रजीत एकच ‘मर्मर’ माणसाला, ओढ्याला, गर्दीला आणि हृदयाच्या झडपेलाही चालतो. कोश उघडावा तर व्हिस्परचा अर्थ मर्मरकडे बोट दाखवतो आणि मर्मरचा व्हिस्परकडे. त्यात ‘सुंदर इंग्रजी शब्द’ म्हणून फिरणाऱ्या याद्यांनी आणखी दोन नावं गळ्यात मारली आहेत: सुसरस (susurrus, हळू कुजबुज किंवा सळसळ) आणि सिथुरिझम (psithurism, वाऱ्यानं होणारी झाडांची सळसळ). दिसायला देखणी, पण वापरायची कुठे?

गोष्ट लिहिणारे, अनुवाद करणारे आणि मालिका-चित्रपटांची इंग्रजी उपशीर्षकं करणारे यांच्यासाठी ही तुलना. माझा कौल आधीच सांगून टाकतो. माणसांसाठी व्हिस्पर आणि मर्मर, वस्तूंसाठी रसल (कोरडी सळसळ), एवढ्यावर बहुतेक काम भागतं. सुसरस हा कपाटातला शालू. तो असावा, पण रोज भाजी आणायला नेसून जाऊ नये.

सुसरसचं मूळ

शब्द लॅटिन, आणि इंग्रजीनं तो जसाच्या तसा उचललेला. लॅटिनमध्ये ‘सुसुर्रुस’ म्हणजे हळू गुंजन किंवा कुजबुज. आवाजाची नक्कल करायची आणि तोच अवयव पुन्हा म्हणायचा, या रीतीनं तो घडला आहे. सळसळ, गुणगुण, झुळझुळ आपणही तसेच घडवतो, त्यामुळे मराठी कानाला तो परका वाटत नाही. व्युत्पत्तिकोश त्याला ‘स्वेर’ या प्राचीन इंडो-युरोपीय धातूखाली मांडतात आणि त्याच धातूखाली संस्कृतातला ‘स्वर’ही ठेवतात. आपला ‘सूर’ स्वरातूनच आलेला. म्हणजे सूर आणि सुसरस हे लांबचे का होईना, नातलग. इंग्रजीत मधमाश्यांच्या घोळक्याला म्हणतात तो ‘स्वॉर्म’ही याच कुळातला.

मधमाश्यांचा उल्लेख उगाच केला नाही. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन कवी व्हर्जिलनं आपल्या पहिल्या गोपगीतात विलोच्या कुंपणावर फुलं चाखणाऱ्या मधमाश्यांचा आवाज ‘सुसुर्रुस’ म्हणून नोंदवला आहे. त्या हलक्या गुणगुणीनं झोप लागेल, असं तिथे म्हटलंय. त्याचाच समकालीन कवी होरेस हा शब्द संध्याकाळी ठरल्या वेळी भेटणाऱ्या प्रेमिकांच्या कुजबुजीला लावतो. बायबलच्या लॅटिन भाषांतरात मात्र त्याचं रूप एकदम पालटतं. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल ज्या दुर्गुणांची जंत्री देतो, तिच्यात भांडणं, मत्सर, निंदा यांच्या शेजारी ‘सुसुर्रातिओनेस’ बसलंय. 1611च्या इंग्रजी बायबलनं तिथे ‘व्हिस्परिंग्ज’ घातलं. मराठीत सांगायचं तर चहाड्या, कान भरणं.

इंग्रजीत हे कुळ शिरलं ते या चहाडीच्या दारानं. ‘सुसरेशन’ हे रूप पंधराव्या शतकाच्या आसपासचं आणि सुरुवातीला त्याचा रोख पाठीमागे बोलण्यावरच होता. वाऱ्याचा, पानांचा, लाटांचा काव्यमय ‘सुसरस’ एकोणिसाव्या शतकात रुजला. लॅटिनमधली मधमाशी या प्रवासात वाटेतच राहिली. आज इंग्रजीत मधमाशीच्या आवाजाला ‘हम’ किंवा ‘बझ’ म्हणतात, आणि सुसरसला उरला तो स-श चा आवाज: कोरडा, हवेचा, गळा न वापरलेला.

स्पॅनिश किंवा इटालियन शिकलेल्यांनी इथे जरा जपावं. तिथे ‘सुसुर्रो’, ‘सुस्सुर्रो’ हे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत, आपल्या कुजबुजीइतके साधे. त्या सवयीनं इंग्रजीत ‘सुसरस’ लिहिला, तर वाचणाऱ्याला वाटतं लेखक कोश उघडून बसलाय.

गळ्यावर बोट ठेवून

व्हिस्पर आणि मर्मर यांतला फरक कोशापेक्षा गळा नीट सांगतो. कंठावर बोट ठेवा आणि कुणाच्या तरी कानात सांगितल्यासारखं एक वाक्य म्हणा. बोटाला काही लागत नाही, कारण स्वरतंतू थरथरतच नाहीत. नुसता श्वास अरुंद फटीतून घासत बाहेर पडतो. हा व्हिस्पर. आता तेच वाक्य अर्धवट झोपेत असल्यासारखं, हळू पण आवाज ठेवून म्हणा. बोटाखाली कंप जाणवेल. हा मर्मर.

ध्वनिशास्त्रात ‘मर्मर’ ही रीतसर संज्ञासुद्धा आहे. स्वरतंतू थरथरत असतानाच त्यांच्यामधून हवाही निसटत राहिली तर जो उच्चार होतो, त्याला हे नाव दिलं जातं, आणि उदाहरणं भारतीय भाषांतलीच येतात: घ, झ, ढ, ध, भ. मराठीत तर म्हैस, न्हाणं, कोल्हा यांतही तोच प्रकार. ‘भाकर’ म्हणताना आपण शास्त्रानुसार मर्मर करत असतो, हे कळल्यापासून मला त्या शब्दाबद्दल जास्त आपुलकी वाटते.

गोष्ट लिहिताना या फरकाचा सरळ उपयोग होतो. व्हिस्पर करणारा काहीतरी लपवतोय: मूल झोपलंय, भिंतीला कान आहेत, गुपित आहे. आवाज मुद्दाम काढून घेतलेला असतो. मर्मर करणाऱ्याला लपवायचं नसतं. तो थकलाय, लाडात आहे, विचारात आहे किंवा सभ्यपणे हळू बोलतोय. ‘तिने त्याच्या कानात सांगितले’ इथे व्हिस्पर. ‘तो झोपेत काहीतरी बोलला’ इथे मर्मर. दोन्हीकडे मराठीत ‘कुजबुजला’ लिहिलेलं सापडतं, म्हणून अनुवादकानं प्रसंग बघून ठरवायचं.

दुसरी कसोटी शब्दांची. व्हिस्पर कितीही हळू असला तरी त्यातले शब्द शाबूत असतात. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधल्या घुमटाखालच्या सज्जाला ‘व्हिस्परिंग गॅलरी’ म्हणतात, आणि विजापूरच्या गोल घुमटातल्या सज्जालाही. गोलाकार भिंतीला धरून ध्वनिलहर सरकत जाते, विरत नाही. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी त्याचं गणित मांडलं. पलीकडच्या माणसाला शब्द न् शब्द कळतो, म्हणून व्हिस्पर. (गोल घुमटात प्रत्यक्ष कुजबुजून बघायचं असेल तर सकाळी दार उघडताच जावं. नंतर सहली येतात आणि टाळ्या नि आरोळ्यांपुढे कशाचीच डाळ शिजत नाही.)

मर्मरमध्ये शब्द विरघळलेले असतात. ‘सभागृहात कुजबुज सुरू झाली’ याचं भाषांतर करताना अनेकांचा हात व्हिस्परकडे जातो. पण व्यासपीठावरून ऐकणाऱ्याला सुटे शब्द कळत नाहीत, एक घोळ ऐकू येतो. तिथे मर्मर हवा. शेजारच्या खुर्चीवरून ऐकत असाल तर व्हिस्पर चालेल. ऐकणारा कुठे बसलाय, हे आधी ठरवा.

मर्मर हळूच असतो असं नाही

मर्मरबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे तो नेहमी मंद आणि गोड असतो. लॅटिनमध्ये ‘मुर्मुर’ गडगडाटालाही चालायचा. व्हर्जिलच्याच महाकाव्यात डोंगराच्या पोटात कोंडलेले वारे ‘मोठ्या मुर्मुरानं’ दारांशी धडका देतात. ग्रीकमधला त्याचा भाऊबंद खळाळत्या, उकळत्या पाण्याचा आहे. कडा नसलेला, घोळदार आवाज, एवढंच या शब्दाचं मूळ काम. तो लहान की मोठा, हे पुढे आलेलं.

डॉक्टरांनी ही जुनी चाल टिकवली आहे. हृदयाच्या झडपेतून रक्त खळबळत गेलं की स्टेथोस्कोपला ऐकू येतो तो मर्मर, आणि त्याची प्रत 1 ते 6 अशी मोजतात. 1 म्हणजे कान देऊनही जेमतेम कळणारा. 6 म्हणजे स्टेथोस्कोप छातीपासून किंचित उचलला तरी ऐकू येणारा. त्याला हळू कोण म्हणेल? रुग्णाच्या कागदपत्रांचा अनुवाद करताना इथे मन चालवू नये. हृदयाला मर्मर आणि रक्तवाहिनीतल्या तसल्याच आवाजाला ‘ब्रुई’, हे ठरलेले शब्द आहेत.

मर्मरमध्ये तक्रारही आहे. बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकात वाळवंटात उपाशी पडलेले इस्राएली लोक मोशेविरुद्ध कुरकुर करतात, ती 1611च्या इंग्रजीत ‘मर्मर्ड’. ‘विदाउट अ मर्मर’ म्हणजे निमूटपणे, हूं की चूं न करता. म्हणून गर्दीचा मर्मर लिहिला की तो पसंतीचा की नापसंतीचा, हे सोबत सांगावंच लागतं. मराठीत ‘कुजबुज’ आणि ‘धुसफूस’ हे दोन शब्दच काम वाटून घेतात, इंग्रजीत ते जोडशब्दावर पडतं.

आता खरा सापळा. संस्कृतात ‘मर्मर’ आहेच, आणि देवनागरीत दोन्ही एकसारखे दिसतात. पण अमरकोशानं त्याची हद्द आखून दिली आहे: वस्त्रांचा आणि पानांचा आवाज तो मर्मर, दागिन्यांचा तो शिंजित. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात हिमालयातले वारे भूर्जवृक्षांच्या पानांत मर्मर करतात. म्हणजे आपला मर्मर हा इंग्रजीतला मर्मर नव्हे, तो इंग्रजीतला ‘रसल’ आहे. जुन्या मराठी कवितेत पानांचा मर्मर दिसला आणि इंग्रजीत तोच शब्द ठेवून दिला, तर कोरड्या पानांच्या जागी ओलसर घोळ ऐकू येतो. असे अनुवाद छापलेले बघितले आहेत, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

जाता जाता ‘मर्मरेशन’बद्दल. मैनांच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्याचं हे नाव 1486 सालच्या इंग्रजी पुस्तकात नोंदलेलं आहे. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्या त्यांच्याच गोतावळ्यातल्या. आज या शब्दानं वाचकाच्या डोळ्यांसमोर आकाशात वळणारा थवा येतो, आवाज येत नाही. गर्दीच्या कुजबुजीला तो वापरू नका.

पुटपुटणाऱ्या आजी

‘आजी देवासमोर काहीतरी पुटपुटत होत्या.’ शाळेत शिकलेलं इंग्रजी इथे ‘मटर’ सुचवतं. मटरमध्ये चिडचिड आहे: दात न उघडता, कुणावर तरी वैतागून स्वतःशी बोलणं. स्तोत्र म्हणणाऱ्या आजींना मटर करायला लावलं की इंग्रजी वाचकाला वाटतं, त्या देवावर रागावल्यात. इथे मर्मर. त्याच आजी नंतर स्वयंपाकघरात ‘एकालाही भांडं जागेवर ठेवता येत नाही’ म्हणत फिरतात, तेव्हा खुशाल मटर. ‘मम्बल’ तिसराच. त्यात राग नाही, अस्पष्टपणा आहे: कवळी काढलेली, तोंडात घास, किंवा उत्तर येत नसलेला विद्यार्थी.

मराठीत पुटपुट तिन्हीकडे चालते. इथे आपली भाषा ढिली आणि इंग्रजी काटेकोर आहे, हेही मान्य करायला हवं.

पिंपळ आणि सुरू

झाडांच्या आवाजाकडे आलो की इंग्रजीत निदान चार शब्द पुढे येतात: रसल, सफ, सुसरस, सिथुरिझम. यांतून निवडायचं तर आधी झाड बघावं.

पिंपळाच्या पानाला लांब, बारीक देठ असतो आणि पातं रुंद, चिवट. जराशी झुळूक आली की पान देठावर लटपटतं आणि शेजारच्या पानावर आपटतं. जे ऐकू येतं ते अगणित बारीक टकरींचं मिळून बनलेलं असतं, म्हणून पिंपळाखाली कधी कधी पाऊस सुरू झाल्याचा भास होतो. टकरीतून, घासण्यातून उठणाऱ्या अशा कोरड्या, तुटक आवाजाला इंग्रजीत रसल म्हणतात. वाळक्या पाचोळ्यातून सरडा गेला, वर्तमानपत्र उलटलं, पैठणीचा पदर सावरला: सगळीकडे रसल. (रेशमाचा आणखी एक शब्द कापडधंद्यात आहे, ‘स्क्रूप’. रेशीम सौम्य आम्लातून काढलं की चुरगाळताना जो करकरीत आवाज येतो तो. गोष्टीत वापरलात तर एखादा विणकरच दाद देईल.) रसल हा रोजचा, विश्वासू शब्द आहे. एवढंच लक्षात ठेवा की अमेरिकेत ‘रसलर’ म्हणजे गुरं चोरणारा.

सुरूचं तंत्र वेगळं. अलिबाग, काशीद, दिवेआगर, गुहागर, कोकण किनाऱ्यावर जिथे सुरूची बनं आहेत तिथे वाऱ्याचा आवाज तुटक नसतो, सलग असतो. सुरूला रुंद पानं नाहीत, सुयांसारख्या बारीक हिरव्या काड्या असतात. बारीक दांडीवरून वारा गेला की तिच्या मागे हवेचे भोवरे आळीपाळीनं डावीउजवीकडे सुटतात आणि त्यांच्या लयीचा सूर उमटतो. 1878 साली स्ट्रोहाल या चेक शास्त्रज्ञानं हे मोजलं. वाऱ्याचा वेग भागिले काडीची जाडी, त्याला साधारण 0.2 नं गुणायचं. मिलिमीटरभर जाडीच्या काडीवरून सेकंदाला 5 मीटर वेगानं वारा गेला तर सूर येतो सेकंदाला सुमारे 1000 कंपनांचा. वारा वाढला की सूर चढतो, पडला की उतरतो. लाखो काड्या, प्रत्येकीची जाडी किंचित वेगळी, म्हणून एक सूर ऐकू न येता सुरांचा पट्टा ऐकू येतो, उसाशासारखा वरखाली होणारा.

त्याला इंग्रजीत जुना अस्सल शब्द आहे: ‘सफ’. काही जण ‘साउ’ असाही उच्चार करतात आणि दोन्ही बरोबर मानले जातात. हा लॅटिनमधून आलेला नाही, जुन्या इंग्रजीतला घरचा आहे. सुरूच्या बनाला माझी पहिली पसंती यालाच. अडचण अशी की मोठ्यानं वाचताना बरेच इंग्रजी भाषिकही उच्चाराशी थबकतात. कथा ध्वनिपुस्तक होणार असेल तर ‘साय’, म्हणजे उसासा, हा साधा शब्द बरा.

‘व्हिस्परिंग पाइन्स’ ही जोडी मात्र टाळा. ती इतकी वापरली गेली आहे की ऐकूच येत नाही.

मग सुसरस कधी?

तीन गोष्टी जुळल्या तर. आवाज अनेक ठिकाणांहून एकदम येत असावा, त्यात ठोका किंवा ठेका नसावा, आणि त्यात गळा नसावा किंवा असला तरी बुडून गेलेला असावा.

पहाटे दर्शनाच्या रांगेत शेकडो अनवाणी पावलं फरशीवर सरकताहेत, नऊवारींचे काठ घासताहेत, कुणी काही बोलत नाही: इथे सुसरस शोभतो. रसल लिहिला तर एकाच लुगड्याचा आवाज वाटतो, मर्मर लिहिला तर लोक बोलताहेत असं वाटतं. भरती ओसरताना वाळूतून झिरपत परतणारं पाणी, पिकलेल्या भाताच्या खाचरावरून गेलेला वारा, हीसुद्धा त्याची ठिकाणं. लांबून येणारी दिंडी नाही, कारण तिथे टाळ आहेत, मृदंग आहे, ठेका आहे. भुंग्यालाही नाही, व्हर्जिलनं मधमाशीला वापरला तो लॅटिनमध्ये.

निवेदक कोण, हेही बघा. सुसरस म्हणणारा निवेदक शिकलेला, शब्दांवर प्रेम करणारा, कदाचित थोडा मिरवणारा असतो. दहा वर्षांच्या मुलाच्या किंवा ट्रकचालकाच्या तोंडी तो घातला की पात्र मागे सरकतं आणि लेखक पुढे येतो. एका कथेत दुसऱ्यांदा आला की तो लेखकाची लकब बनतो.

त्याच्या घरातच पर्याय हवा असेल तर ‘सुसरेशन’ किंचित जड आणि शास्त्रीय वाटतो. ‘सुसरंट’ हे विशेषण वापरायला मला अजून योग्य वाक्य सापडलेलं नाही. उच्चारात जोर मधल्या अवयवावर द्यायचा: सु-सर-स. देवनागरीत लिहिला की मराठी डोळ्याला आधी सुसर दिसते आणि ‘सुसरबाई तुझी पाठ मऊ’ आठवतं, त्याला इलाज नाही. मराठी मजकुरात तो जसाच्या तसा घालण्याचा मोह म्हणूनच आवरावा. आपल्याकडे सळसळ असताना गरजही नाही.

उपशीर्षकं करणाऱ्यांचा प्रश्न त्यामानानं सोपा. पडद्यावर आवाज सांगणारी ओळ जेमतेम दोन-तीन सेकंद टिकते आणि ती ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकासाठी असते. त्याला कोश उघडायला लावणं अन्याय आहे. ‘लीव्ह्ज रसलिंग’, ‘व्हिस्परिंग’, ‘मटरिंग’, आणि गर्दीच्या न कळणाऱ्या बोलण्याला ठरलेलं ‘इनडिस्टिंक्ट चॅटर’. एवढ्यात भागवा.

राहिला सिथुरिझम. ग्रीकमधून आलेला, सुरुवातीचा ‘प’ लिहायचा पण उच्चारायचा नाही असा. मूळ मोठं आहे: इसवीसनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातल्या ग्रीक कवी थिओक्रिटसच्या पहिल्या गोपगीताची सुरुवातच पाइनच्या गोड ‘प्सिथुरिस्मा’नं होते. पण इंग्रजीत हा शब्द कोशात आणि याद्यांत जितका आढळतो तितका वाक्यात आढळत नाही. घराला, नावेला, फार तर कॉफीच्या दुकानाला नाव म्हणून ठेवा. वाक्यात तो आला की पुढचं वाक्य त्याचा अर्थ सांगण्यात खर्ची पडतं.